बाण आणि तीन ठिपके

खाचरांतलं पाणी आटलं, हळवं भात पिवळं पडलं आणि वाऱ्याला तो वास येऊ लागला, की माझा हात आपसूक खिशाकडे जातो. वास कापलेल्या पेंढ्याचा. थोडा गोडसर, थोडा धुळीचा. मुरबाडच्या माणसाला तो सांगावा लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. खिशात चाकू असतो. मिटलेला, लोखंडी पत्र्याच्या मुठीचा, एका टोकाला कडी असलेला. या दिवसांत बाजारात हातभर लांबीच्या काकड्या येतात. त्यातली एक घ्यायची, एस्टी स्टँडच्या बाकावर बसायचं, चाकू उघडायचा आणि चकत्या पाडत बसायचं. शेजारी बसलेला कुणीतरी चाकूकडे बघतोच. मग मी चकती त्याच्या हातावर ठेवतो आणि चाकूची गोष्ट सांगायला लागतो. काकडी खाल्लेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हा माझा अनुभव आहे.

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, देवांच्या तसबिरी जमवतात. मी चाकू जमवले, तेही लढाईवर जाऊन आलेले. मी स्वतः लढाईवर कधी गेलो नाही. माझी धाव कल्याणपर्यंत, तीही सर्व्हिस मोटारीच्या पुढच्या सीटवर बसून. तेव्हा एस्टी नव्हती. खासगी मोटारी मुरबाडहून कल्याणला जायच्या आणि मी त्यांचा एजंट होतो. तिकिटं फाडायची, टपावर पोती चढवायची, ड्रायव्हर चहाला गेला की त्याला शोधून आणायचं, एवढं माझं राज्य. पण घरातल्या ट्रंकेत माझी फौज होती. फ्रान्स पाहिलेले, बसऱ्याची वाळू खाल्लेले, ब्रह्मदेशातल्या चिखलात रुतलेले चाकू त्या ट्रंकेत ओळीनं झोपलेले असायचे. आमची यमुना, म्हणजे माझी बायको, त्यांना 'तुमची पलटण' म्हणायची, आणि म्हणताना नाक मुरडायची.

हे वेड लागलं शहापुरात. एकोणीसशे तिसाचं दशक सरत आलं होतं. मावशीच्या शेजारी एक म्हातारे हवालदार राहायचे, पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात जाऊन आलेले. पेन्शन, मिशा आणि एक चाकू एवढं त्यांनी तिकडून आणलं होतं. चाकू कसला, हातात घेतला की मनगट खाली जायचं. एका बाजूला रुंद, टोक नसलेलं पातं, दुसऱ्या बाजूला दाभणासारखा जाड काटा. तो काटा दोराच्या गाठी सोडवायला. हवालदार त्याने पोत्यांच्या गाठी सोडवत आणि पात्याने सुपारी फोडत. मी पातं बघायला लागलो की चिडायचे.

"पातं काय बघतोस रे? पातं सगळ्यांचं चकाकतं. बुडाशी बघ. चाकू वाचायचा असतो."

बुडाशी, म्हणजे पातं मुठीत शिरतं तिथे, नखाएवढ्या जागेत बारीक ठसे होते. वर कोंबडीच्या पायासारखी खूण, तीन बोटं फाकलेली. त्यांनी सांगितलं, तो बाण. सरकारी बाण. खाली करणाऱ्याचं नाव आणि त्याचं गाव. गाव शेफिल्ड.

"आणि हा बाण असाच नाय मारत कोणी," ते म्हणाले. "आधी माल तपासतात. पातं वाकवून बघतात, खिळा कापून बघतात. टिकला, तर बाण. नाय टिकला, तर भंगार. बाण असला म्हंजे पास."

हवालदार गेले तेव्हा त्यांच्या सुनेने तो चाकू माझ्या हवाली केला. तिला त्याची भीती वाटायची. माझ्या ट्रंकेतला तो पहिला.

पुढे कल्याणच्या वाचनालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात मला शेफिल्ड सापडलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचलं. डोंगरातून नद्या उतरतात, नदीवर पाणचक्क्या, चक्कीवर सहाणेचे दगड. एकेक माणूस भाड्याच्या खोलीत बसून कोणी नुसती पाती ठोकतो, कोणी नुसती धार काढतो, कोणी मुठी बसवतो. धार काढणाऱ्यांची छाती दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीने भरायची आणि माणसं ऐन उमेदीत खोकून खोकून मरायची. आणि प्रत्येक सुरीवाल्याला आपली खूण तिथल्या कारागिरांच्या पंचायतीत नोंदवावी लागायची. कुणाची चांदणी, कुणाची किल्ली, कुणाचा मासा. बापाची खूण मुलगा चालवायचा, मुलगा नसला तर विधवा चालवायची. मला ते वाचून इतका आनंद झाला की मी वाचनालयात एकटाच हसलो. कारण अशी खूण मला आमच्या मोटार स्टँडच्या मागेच ठाऊक होती.

स्टँडच्या मागे चिंचेखाली रामा लोहाराची शाळ, म्हणजे भट्टीचं खोपट, होती. आमच्याकडे कापणीला घरची, शेजारची, सोयऱ्यांची अशी सगळी माणसं एकाच खाचरात उतरतात आणि दुपारी भाकरीला बसताना विळे एकाच बांधावर ठेवतात. उठताना कोणता कुणाचा, यावरून भांडणं. त्यात ज्याचा विळा रामाच्या घरचा, तो भाग्यवान; मग तर उचलेगिरीच व्हायची. म्हणून रामाच्या आजाने कधीतरी एक खूण धरली. विळा पुरा झाला, तापलेलं पातं बुडवून पाणी पाजून कडक झालं, की बुडाशी टोकदार छिन्नीने तीन ठिपके. ठिपके असले की विळा रामाकडचा हे लपत नसे, आणि त्यांतला आपला कुठला ते जो तो मुठीवरून ओळखायचा.

त्या तीन ठिपक्यांचा आवाज होता. घणाचे जड ठोके पडत राहायचे, मग हातोडीचे हलके, मग पाण्यात चर्रर, आणि थोडी शांतता. आणि मग तीन बारीक टकटक. स्टँडवर पोतं टेकून बसलेली म्हातारी ते ऐकून म्हणायची, "झाला एक." कापणीच्या आधीचे पंधरा दिवस आमचा बाजार त्या आवाजावर चालायचा. मोटार सुटायच्या गडबडीतही माझा कान तिकडे असायचा.

दुसऱ्या लढाईच्या मधल्या वर्षांत तो आवाज बंद पडला.

झालं असं. कल्याणच्या पलीकडे एका ठेकेदाराने फौजेसाठी चाकू करायची शेड घातली होती. विलायतेतून येणारा माल बोटींवर अडकत होता आणि इकडे नवे जवान भरती होत होते. ठेकेदाराची माणसं गावोगाव फिरून लोहार गोळा करत होती. रामा गेला. मीच त्याला मोटारीत पुढच्या सीटवर बसवून पोचता केला. त्याचं काम पाती ठोकायची आणि पाणी पाजायचं. काम त्याला काय नवीन? दिवसभर ठोकायचा आणि पातं पुरं झालं की सवयीने हात छिन्नीकडे जायचा. टक, टक, टक. विळ्यावर मारायचा तसेच तीन ठिपके सरकारी पात्याच्या बुडाशी. आपण काही वेगळं करतोय हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. माल पुरा झाला, की खूण मारायची, एवढंच त्याला माहीत.

काही दिवसांनी मुकादमाच्या लक्षात आलं तेव्हा त्या दिवसाची टोपली भरली होती. तो भडकला. सरकारी मालावर सरकारची खूण बसते, लोहाराची नाही. त्याने सगळ्यांदेखत टोपली उचलून भंगाराच्या ढिगावर उपडी केली आणि म्हणाला, "हे पोलाद आहे का? हे भंगार आहे." रामाला त्याच दिवशी घरी पाठवलं.

चोरटा म्हटलं असतं, तर रामाने दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. पण भंगार हा शब्द त्याच्या काळजात जाऊन बसला. त्याने मुरबाडला येऊन छिन्नी लोहारशाळेच्या छपरात खोचली आणि पुन्हा विळा केला नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायचा, कडी-कोयंडे करायचा, बैलाचे नाल ठोकायचा. विळा मागितला की म्हणायचा, "कल्याणाहून आणा. माझं पोलाद भंगार हाय." आम्ही समजावून थकलो. आपलं पाणी चुकलंय, इतकी वर्षं चुकतच होतं आणि गावाने भीड म्हणून सांगितलं नाही, असं त्याने मनाशी घेतलं होतं.

मधेच सांगतो, चाकू जमवणाऱ्यासाठी लढाईचे दिवस म्हणजे पर्वणी होती. कसाऱ्याला थळ घाट चढायला रेल्वेगाडीला मागून आणखी इंजिनं लावतात, म्हणून प्रत्येक गाडी थांबते. फौजेच्या गाड्याही थांबायच्या. मी सवड काढून शहापुरामार्गे जायचो, बरोबर केळ्यांचा घड. खिडक्यांतून गोरे जवान डब्यांतलं मांस चाकूने काढून खात असायचे. एका लालबुंद पोराला मी अर्धा घड दिला आणि त्याच्या चाकूकडे बोट केलं. त्याने चाकू मिटला, शर्टाला पुसला, क्षणभर हातात धरला आणि मला देऊन टाकला. गाडी सुटताना तो केळं सोलत हात हलवत होता. त्या चाकूवर बाण होता, साल होतं, आणि चांदणीची खूण. पोरगं पुढे कुठे गेलं, आलं की नाही, कुणास ठाऊक. चाकू माझ्याकडे आहे आणि दरवर्षी मी त्याला तेल लावतो.

लढाई संपली आणि वर्षभरात आमची माणसं परत येऊ लागली. मोटारीतून खाकी पिशव्या उतरायच्या, पाठोपाठ काळवंडलेली माणसं, आणि स्टँडवर बायकांचा एकच गलका. मी गलका ओसरायची वाट बघायचो. मग चहा पाजायचो आणि हळूच विचारायचो, "चाकू आणलाय का?" काहींनी आनंदाने दिला. घरी नेला तर पोरं बोटं कापून घेतील म्हणून. बदल्यात मी काही ना काही द्यायचो, छत्री, तंबाखूची डबी, नवा सदरा. यमुनेने एकदा माझा सदरा शोधून शोधून शेवटी ट्रंक उघडली आणि कपाळाला हात लावला.

"घरात भाजी चिरायला धड विळी नाय, आनी ह्यांची पलटण वाढतेय," ती म्हणाली. "नेसूचं धोतर तरी ठेवा."

त्याच वर्षीच्या भाद्रपदात एका दुपारी गोदा, म्हणजे रामाची बायको, आमच्या ओट्यावर येऊन बसली. यमुनेने पाणी दिलं, ते तिने नुसतं हातात धरलं.

"एजंटभाऊ, तुमी सांगून बघा त्यास्नी," ती म्हणाली. "म्हशाच्या जत्रेत ऐरण विकाची म्हनतात. गिऱ्हाईक ठरवलाय. मग गिरणीत जाऊन हमाली करनार."

"ऐरण विकणार?" माझा विश्वास बसेना. त्या ऐरणीवर त्याच्या आजाने विळे ठोकले होते.

"हां. मी म्हनलं, भाता वढून वढून माझं हात असं झालं, त्या हातांना इचारा तरी. तर म्हनतात, भंगार करनाऱ्याला ऐरण कशाला." तिने तळहात पुढे केले. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी शिंगासारखे घट्टे होते. "ह्यांचं पोलाद मी रोज बघितलाय. भंगार नाय ते. पन माझं कोन ऐकतो?"

ती गेल्यावर यमुनेने तसाच राहिलेला पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाली, "तुमाला एवढं चाकूतलं कळतं, मग एवढं कळू नाय का, की त्यांची पाती चांगली होती का वाईट?" मी म्हटलं, पातं हाती असल्याशिवाय कसं कळणार? ती पाती तर भंगारात गेली. आणि म्हसा गावची जत्रा पौषात, म्हणजे फार लांब नव्हती.

दसऱ्याच्या आधी काशिनाथ आला. वैशाखऱ्याचा, यमुनेच्या माहेरगावचा, म्हणून तिचा भाऊ आणि माझा मेहुणा. ब्रह्मदेशातून तापाने पिवळा होऊन आला होता, पण हसत होता. यमुनेने त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. जेवताना कांदा कापायला त्याने खिशातून चाकू काढला आणि माझा घास हातातच राहिला.

चाकू विलायती घडणीचाच, पण मुठीला शिंग नव्हतं, काळी पट्टी नव्हती. दोन्ही बाजूंना नुसते लोखंडी पत्रे. हा इकडे झालेला माल. असा माझ्याकडे एकही नव्हता.

"दाजी, ह्यो नाय देनार," तो माझी नजर ओळखून म्हणाला. "ह्यानं बांबू तोडला, डबे फोडले, जळवा खरवडल्या. आमच्या साहेबाच्या चाकूचं टोक मोडलं, तर साहेब माझा मागून न्यायचा. ह्याची धार गेली म्हनून माहीत नाय."

मी बुडाशी बघितलं. सपाट. काही खरवडल्यासारखं दिसत होतं, पण वाचता येईना. काशिनाथ हसला. "फौजेत इन्स्पेक्शन असतं. रोज राख लावून घासायचो. चकचकीत पायजे साहेबाला." कुणीतरी कुणाची तरी खूण मारलेली, आणि हा गडी राखेने रोज पुसत बसला. शेवटी माझी नवी कोरी बॅटरी त्याच्या हातात ठेवली, तेव्हा कुठे चाकू सुटला. वैशाखऱ्याच्या वाटेवर बिबट्या फिरत होता, त्याला बॅटरी चाकूपेक्षा जास्त कामाची होती.

मी तो चाकू उन्हात धरला, तिरका धरला, चष्म्याचं भिंग लावलं. कोंबडीचा पाय आहे असा भास व्हायचा आणि पुसून जायचा. बाण असेल किंवा नसेलही. चरफडत ट्रंकेत ठेवून दिला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहार, मोटारीचा पाना, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. आणि पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, त्याची ती विश्रांती. मी सकाळी कल्याणला मोटार घेऊन गेलो आणि दुपारी परत येऊन बघतो तर पाटावर माझी अख्खी पलटण. यमुनेने ट्रंक रिकामी केली होती. शेफिल्डचे, फ्रान्स पाहिलेले, कसाऱ्याचा चांदणीवाला, सगळे पाण्याने धुतलेले, पाती उघडलेली, आणि बुडापासून टोकापर्यंत ओली हळद आणि वर कुंकवाची बोटं.

माझा आवाज चढला. पोलादाला ओली हळद म्हणजे काय होतं, सकाळपर्यंत त्यावर गंज कसा चढतो, हे मी तिला सविस्तर सांगितलं. ती शांतपणे वाती वळत होती.

"हत्यार हाय का नाय?" ती म्हणाली. "मग आज त्याचा सण हाय. लढाई करून आल्यात बिचारी. तुमी नुसती तेल लावून पेटीत घालता, कोनी कधी कुंकू लावलं त्यांना?"

"अगो, पण निदान पुसून तरी घेतो."

"आज नाय हात लावाचा. उद्या."

आमच्या घरात काही गोष्टींत माझं चालतं आणि बाकीच्या सगळ्या गोष्टींत तिचं. मी पाटाशेजारून येरझाऱ्या घातल्या, पण हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ न करताच फडकं आणि खोबरेल घेऊन बसलो. गंज होताच. पिवळट, तांबूस डाग. एकेक पातं तेलाने पुसत, तोंडाने पुटपुटत चाललो होतो. काशिनाथचा चाकू हाती आला. पातं पुसलं, स्वच्छ झालं. बूड पुसलं आणि फडकं थांबलं.

राखेने झिजलेल्या त्या सपाट जागी कुंकू शिरून बसलं होतं. वरचं सगळं पुसलं गेलं, पण ठशाच्या खोबणीत राहिलेलं निघालं नाही. लाल रेघांनी तिथे लिहिलं होतं. कोंबडीचा पाय, तीन बोटं फाकलेली, बाण. बाणाखाली एक उभी रेघ, इंग्रजी आय. आय म्हणजे इंडिया. शेजारी सालाचे दोन आकडे. आणि या सगळ्याच्या खाली, मुठीत शिरता शिरता राहिलेले, एका ओळीत, तीन लाल ठिपके.

मी यमुनेला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकली, आणि बघत राहिली.

"हे तर रामादादाचं," ती म्हणाली. "आनी वरती काय हाय?"

"बाण," मी म्हटलं. "पास झाल्याचा."

ते कुंकू आजही त्या खुणेत आहे. मी ते कधी काढू दिलेलं नाही, उलट दर खंडेनवमीला यमुना नव्याने भरते. लोक विचारतात, एवढ्या विलायती चाकूंमध्ये तुम्ही हा पत्र्याच्या मुठीचा का खिशात बाळगता. तर त्याचं उत्तर त्या सकाळी मिळालं. आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत मला माझ्या वेडाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. हवालदारांनी मला चाकू वाचायला शिकवलं ते या एका वाचनासाठी, असंच मला वाटतं. अर्थात वाचण्याजोगा केला तो यमुनेने, आणि हे ती मला अजून विसरू देत नाही.

मी तसाच उठलो. स्टँडवर मोटार लागली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि चिंचेखाली गेलो. रामा लोहारशाळेच्या दाराशी बसला होता. ऐरणीला कालचं हळद-कुंकू होतं, झेंडूचं फूल होतं. बाजूला गोदा कोळशाची पाटी आवरत होती.

चाकू हातातून हातात देत नाहीत आमच्याकडे, भांडण होतं म्हणतात. मी तो उघडून ऐरणीशेजारी जमिनीवर ठेवला आणि मागे सरलो. रामाने नुसतं पाहिलं. उचलला नाही.

"कोनाचा?"

"तूच बघ, रामादादा."

त्याने वाकून पाहिलं आणि तोंड फिरवलं. "माझंच हाय. भंगारातलं कोनी तरी उचलला आसंल. नेऊन टाक."

"भंगारातलं असतं, तर काशिनाथकडे कसं आलं? मुकादमाच्या नजरेत यायच्या आधी पुढे गेलेल्या मालातलं हे, त्याला ते फौजेने दिलं. ठिपक्यांच्या वर बघ. तो बाण आहे. आधी पातं वाकवतात, खिळा कापतात, टिकलं तरच साहेब बाण मारतो. मुकादम पोलाद काय तपासणार? त्याला तुझ्या ठिपक्यांचा राग आला. ज्याने तपासलं, त्याने बाण मारला, आणि तुझ्या ठिपक्यांच्या डोक्यावर मारला."

मी काशिनाथने सांगितलेलं सगळं सांगितलं. बांबू, डबे, जळवा, आणि साहेब मागून न्यायचा ते. गोदा पाटी तशीच धरून उभी होती. तिच्या अंगठ्यांच्या मुळाशी कोळसा चिकटला होता.

मग रामाने चाकू उचलला. पात्याला नखाने टिचकी मारली आणि तो कानाशी नेला. पुन्हा मारली. अंगठ्याच्या नखावर धार सरकवून पाहिली. शेवटी पायाजवळचा एक नालाचा खिळा उचलून ऐरणीवर आडवा धरला, पातं त्यावर टेकवलं आणि हातोडीचा एक ठोका दिला. खिळ्याचे दोन तुकडे झाले. धार त्याने उजेडात धरून न्याहाळली. कुठे खड्डा नव्हता. इतका वेळ तो माणूस एका पात्याकडे बघत होता की मला वाटलं, आता रडणार. पण त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"पानी बरोबर बसलाय," तो म्हणाला.

"मी तेच म्हनत होते," गोदा म्हणाली.

"गोदे, छपरातली छिन्नी काढ."

ती जागची हलली नाही. कमरेच्या पिशवीतून तिने चिंधीत गुंडाळलेली छिन्नी काढली आणि ऐरणीवर ठेवली. छिन्नीला तेल लावलेलं होतं. छपरातून तिने ती केव्हाच काढून घेतली होती, त्याला न सांगता, आणि गंजू दिली नव्हती. रामाने तिच्याकडे पाहिलं. ती आधीच भात्याशी जाऊन बसली होती.

"आनी म्हशाला जायाचं ते इळे घेऊन," ती भात्याची दांडी ओढत म्हणाली. "ऐरण घेऊन नाय."

मला त्या दोघांत आता काही काम नव्हतं. पण चाकू तिथेच होता. माझ्या ट्रंकेतला सर्वांत मोलाचा, असा दुसरा मला मिळणार नव्हता हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं, "रामादादा, तो तू ठेव. तुझाच आहे."

त्याने चाकू मिटला, माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि सांडशी हातात घेतली.

"मला कशाला? तू ठेव, तुला जमवाचा नाद हाय," तो म्हणाला. "मी काय, आजून करीन."

स्टँडवर आलो तर मोटार भरली होती. ड्रायव्हर वैतागला होता, टपावर पोती, आत दसऱ्याला माहेरी निघालेल्या बायका, मांडीवर आपट्याच्या डहाळ्या. मागून घणाचे ठोके सुरू झाले, तशा बोलणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. ड्रायव्हरने विचारलं, "सोडू काय?" मी म्हटलं, थांब. जड ठोके झाले, हलके झाले. पाण्यात चर्रर वाजलं. मग शांतता, आणि त्या शांततेत कुणी खोकलंसुद्धा नाही.

टक. टक. टक.

पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती, पदरात विडा बांधलेला. तिने खिडकीबाहेर चिंचेकडे पाहिलं, गाठ नीट केली आणि म्हणाली, "झाला एक. आता सोड मोटार."